प्रोटॉनचं बारदान

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते. काट्यावर पोतं चढलं की ते आकडा मोठ्यानं सांगायचे, मुनीम लिहून घ्यायचा आणि पट्टी करताना बारदानाचं वजन वजा व्हायचं. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते धान्याचे, पोत्याचे नाहीत. क्विंटलभर तुरीचं पोतं असेल तर तागाचं रिकामं बारदान किलोच्या आसपास भरायचं. शंभरात एक. हा हिशोब इतका रोजचा होता की त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

पुढे भौतिकशास्त्र शिकलो आणि प्रोटॉनचा हिशोब समजला तेव्हा मात्र मी हादरलो. तिथे पट्टी नेमकी उलटी निघते. प्रोटॉनचं वजन शंभर धरलं, तर आतले दाणे जेमतेम एक भरतात. नव्व्याण्णव वजन बारदानाचं!

गेली बरीच वर्षं मी अकरावी-बारावीला शिकवतो. क्वार्क, म्हणजे प्रोटॉनच्या आतले ते दाणे, हा विषय आमच्याकडे परीक्षेत येत नाही, म्हणून वर्गात पाच मिनिटांत उरकला जातो. गेल्या वर्षी ती पाच मिनिटं झाल्यावर औसा तालुक्यातली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, काल तुम्ही शिकवलं की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र बांधले की वस्तुमान थोडं घटतं. आज म्हणता, क्वार्क बांधले की वाढतं, आणि तेही शंभरपट. मग बांधल्यावर घटतं की वाढतं?"

इतका नेमका प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. त्या दिवशीचा सगळा तास त्यातच गेला. तासात जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो.

आधी दाणे कोणते ते पाहू. अणूत केंद्रक आणि केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याही पोटात आणखी बारीक कण असावेत ही कल्पना १९६४ साली मरी गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. झ्वाइगनं त्यांना पत्त्यांतले एक्के म्हटलं होतं, पण नाव टिकलं ते गेल-मानचं: क्वार्क. आज आपल्याला सहा जातींचे क्वार्क माहीत आहेत. अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम आणि टॉप. आपण, आपली काळी माती, ज्वारीचं कणीस, घरातला वरवंटा, या सगळ्याला पहिले दोनच पुरतात. बाकीचे चार जड आणि अल्पायुषी. टॉप तर इतका जड की एकटा जवळपास सोन्याच्या अख्ख्या अणूच्या वजनाला जाऊन भिडतो. १९९५ साली अमेरिकेच्या फर्मिलॅबमध्ये तो सापडला, त्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोकही होते.

अप क्वार्कवर विद्युतभार असतो २/३, डाउनवर उणे १/३. दोन अप आणि एक डाउन मिळून प्रोटॉन: २/३ अधिक २/३ वजा १/३, म्हणजे बरोबर १. एक अप आणि दोन डाउन मिळून न्यूट्रॉन: २/३ वजा १/३ वजा १/३, म्हणजे शून्य. शाळेतल्या अपूर्णांकांच्या बेरजेपलीकडे यात काही नाही.

बेरीज जमली म्हणून दाणे खरेच आहेत असं कुणी मानत नाही. सुरुवातीला बऱ्याच शास्त्रज्ञांना क्वार्क म्हणजे निव्वळ हिशोबाची सोय वाटत होती, कारण २/३ भार असलेला कण कुणाच्याच हाती लागत नव्हता. इथे मला पुन्हा मोंढा आठवतो. पोतं न उसवता आतला माल बघायचा असला की आडत्या एक अणकुचीदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो, नळीतून मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाताखाली फोडून बघतो. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत १९६७-६८ पासून जवळजवळ हेच झालं. तीन किलोमीटर लांबीच्या सरळ यंत्रातून वेग दिलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर सोडले. प्रोटॉन आतून एकसारखा मऊ असता, तर इलेक्ट्रॉन थोडेसे वळून निघून गेले असते. पण कितीतरी इलेक्ट्रॉन मोठ्या कोनातून उडाले, आत काहीतरी टणक, बारीक लागल्यासारखे. फ्रीडमन, केंडल आणि टेलर यांना त्यासाठी १९९० चं नोबेल मिळालं.

पण मोंढ्यातली नळी आणि ही नळी यांत एक फरक आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्या फरकातून निघते. इथे नळीला दाणे लागतात, पण दाणा बाहेर येत नाही. आजवर एकही सुटा क्वार्क कुणाला मिळालेला नाही.

का, ते समजण्यासाठी क्वार्कची आणखी एक खूण माहीत हवी. १९६४ मध्येच अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत ओमेगा-वजा नावाचा कण सापडला. तो असायला हवा हे गेल-मानने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आनंद मोठा होता. अडचणही तितकीच मोठी होती. हा कण तीन स्ट्रेंज क्वार्कचा, तिघंही हुबेहूब सारखे, तिघांची फिरकी एकाच दिशेला. क्वार्क ज्या कुळातले आहेत, त्या कुळाचा नियम असा की दोन अगदी सारखे कण एका जागी बसू शकत नाहीत. रेल्वेच्या एका बर्थवर दोघांचं आरक्षण होत नाही, तसं. मग हे तिघं कसे बसले? उत्तर एकच शक्य होतं: ते सारखे नाहीत, त्यांच्यात आपल्याला न दिसलेला काही फरक आहे. ग्रीनबर्ग, हान आणि नाम्बू यांनी १९६४-६५ मध्ये तो फरक मांडला. पुढे त्याला 'रंग' म्हणू लागले. लाल, हिरवा, निळा. डोळ्यांना दिसणारा रंग हा नव्हे. विद्युतभार जसा अधिक-उणे दोन प्रकारचा, तसा हा तीन प्रकारचा भार.

रंग हेच नाव का घेतलं, ते मी मुलांना मोबाईलवर दाखवतो. पडद्यावर पांढरं पान उघडायचं आणि ओल्या बोटानं त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब सोडायचा. थेंब भिंगासारखं काम करतो, आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके चमकताना दिसतात. थेंब पुसला की पुन्हा नुसतं पांढरं. प्रोटॉन बाहेरून असाच 'पांढरा' असतो. आत एक लाल, एक हिरवा, एक निळा क्वार्क. तिघं मिळून रंगाचा मागमूस बाहेर राहत नाही. निसर्गात सुटा फिरणारा प्रत्येक कण असा रंगहीनच असतो. क्वार्क एकत्र येण्याचा सगळ्यात मोठा नियम हाच, बाकीचे यातून निघतात.

पांढरं होण्याचे सोपे मार्ग दोन. तीन रंगांचे तीन क्वार्क एकत्र आले तर बॅरिऑन, ज्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन मोडतात. किंवा एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क (क्वार्कचंच उलट्या भारांचं जुळं), म्हणजे लाल आणि प्रतिलाल, एकमेकांना पुसून टाकतात, तो मेसॉन. मेसॉन हे नाव रुळण्यात होमी भाभांचा वाटा आहे, १९३९ मध्ये त्यांनी ते सुचवलं होतं. पायॉन हा सगळ्यांत हलका मेसॉन. अवकाशातून येणारे वेगवान कण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा पायॉन तयार होतात आणि लगेच मोडतात. त्यांतून निघालेले म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, जमिनीपर्यंत पोचतात. उन्हाळ्यात आपण गच्चीवर आभाळाकडे बघत झोपतो, तेव्हा पसरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जात असतो. डोक्यावर कुठेतरी दहा-पंधरा किलोमीटरवर एक क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी जुळून मोडली, त्याची ती खूण.

चार आणि पाच क्वार्कचे मेळही नियमात बसतात. तसे कण अलीकडे सापडलेत. पाच क्वार्कच्या कणाची बातमी २०१५ मध्ये जिनिव्हाजवळच्या मोठ्या यंत्रावरून आली. मला त्यापेक्षा साधा प्रोटॉनच जास्त थक्क करतो.

कारण आता दोराची गोष्ट येते. क्वार्कना बांधणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात. विद्युतबळ वाहणारा प्रकाशकण स्वतः भाररहित असतो, म्हणून विजेचं बळ चहूकडे पसरतं आणि अंतर वाढलं की विरळ होतं. ग्लुऑनवर मात्र स्वतःवरच रंग असतो. ते एकमेकांनाही ओढतात. त्यामुळे दोन क्वार्क लांब न्यायला गेलं, तर त्यांच्यामधलं बळ पसरत नाही. सुतळीचे धागे पीळ घातल्यावर जवळ येतात तसं ते एका अरुंद दोरात गोळा होतं. आणि हा दोर कितीही ताणा, त्याची ओढ कमी होत नाही. ही ओढ किती? साधारण १६ टनांची. सोयाबीननं भरलेला ट्रक टांगला तर जेवढी ओढ बसेल तेवढी, आणि तीही दोन क्वार्कमध्ये, जे इतके बारीक आहेत की त्यांचा आकार अजून कुणाला मोजता आलेला नाही.

ताणत राहिलं तर? दोर तुटतो. पण तुटतो म्हणजे काय होतं ते बघा. बैलाचा कासरा मधोमध कापला तर दोन कासरे होतात आणि प्रत्येकाला पुन्हा दोन टोकं असतात. एकच टोक असलेला दोर कुणाला मिळत नाही. क्वार्क हे त्या दोराचं टोक आहे. ताणण्यात आपण इतकी ऊर्जा ओतलेली असते की तुटल्या जागी त्या ऊर्जेतूनच एक नवा क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क जन्माला येतो. एक क्वार्क बाहेर काढायला गेलो आणि हाती आला अख्खा मेसॉन. मोठ्या यंत्रांत रोज हेच होतं. धडक बसते, क्वार्क सुसाट निघतो, आणि शोधयंत्रात दिसतो तो कणांचा फवारा.

उलट क्वार्क अगदी जवळ असले, तर दोर ढिला असतो आणि ते जवळजवळ मोकळे वागतात. स्टॅनफर्डच्या इलेक्ट्रॉनना ते टणक, सुट्या दाण्यांसारखे वाटले ते यामुळेच. जवळ ढिलं आणि लांब घट्ट, हे वागणं गणितातून कसं निघतं ते १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर यांनी दाखवलं. २००४ चं नोबेल त्याचं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आकडे फळ्यावर मांडू. कणांचं वस्तुमान एमईव्ही या एककात सांगतात. अप क्वार्क साधारण २.२, डाउन साधारण ४.७. दोन अप आणि एक डाउन मिळून ९ च्या आसपास. आणि प्रोटॉन? ९३८. मोंढ्यात अशी पट्टी कुणी केली तर भांडण होईल.

आधी तिनं सांगितलेली गोष्ट तपासू. प्रोटॉन ९३८.२७, न्यूट्रॉन ९३९.५७. दोन्ही जोडून जे केंद्रक होतं ते १८७५.६१. बेरजेपेक्षा २.२ नं कमी. ते वजन ऊर्जा होऊन बाहेर गेलं. म्हणजे बांधल्यावर घटतं, हे खरंच आहे. पण 'घटतं' हे आपण कशाच्या तुलनेत म्हणतो? दोन्ही कण सुटे, लांब ठेवून तोललेल्या वजनाच्या तुलनेत. क्वार्कला हीच गोष्ट लागू करता येत नाही, कारण सुटा क्वार्क तोलायला मिळतच नाही. तो २.२ चा आकडा काट्यावरचा नाही, गणितातून काढलेला आहे. खरोखर एकटा क्वार्क ठेवायचा झाला, तर त्याच्या रंगाचं क्षेत्र पुसणारं जवळ कुणी नाही, आणि दोर न संपणारा. त्याला लागणारी ऊर्जा अमर्याद होते. त्या अमर्याद आकड्याशेजारी ९३८ ठेवून बघा. बांधल्यावर घटलंच की! नियम मोडलेला नाही. आपण तुलना चुकीच्या आकड्याशी करत होतो.

हे सांगितल्यावर ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "मग अगदी एकमेकांवरच का बसत नाहीत? शून्यच होईल ना?" यावर उत्तर कोंडलेल्या जनावराचं. खोंडाला मोठ्या गोठ्यात सोडलं तर ते निवांत उभं राहतं, अरुंद जागेत कोंडलं तर धडका मारतं. सूक्ष्म कणांचं तसंच असतं; जागा जितकी कमी, तितकी हालचाल जास्त. हा त्यांच्या स्वभावाचा भाग आहे, हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम म्हणतात तो हाच. तीन क्वार्क फार जवळ आणले तर ही धडपड महाग पडते, फार लांब नेले तर दोर महाग पडतो. मध्ये एक जागा अशी आहे जिथे दोन्ही खर्चांची बेरीज सगळ्यांत कमी होते. ती जागा म्हणजे प्रोटॉनचा आकार: त्रिज्या साधारण ०.८४ फेम्टोमीटर, मिलिमीटरच्या एक अब्जांश भागाच्याही एक सहस्रांश भागापेक्षा कमी. आणि त्या जागी उरलेला खर्च, म्हणजे क्वार्कची धावपळ, ग्लुऑनचं क्षेत्र आणि त्यात क्षणोक्षणी उपजणाऱ्या-विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोड्या, हे सगळं काट्यावर वजन म्हणून उतरतं. ऊर्जा आणि वस्तुमान एकच, हे आइन्स्टाइनचं सूत्र इथे दर क्षणी आपल्या हाडामांसात चाललेलं आहे.

म्हणून २०१२ साली हिग्ज बोझॉन सापडला तेव्हा 'सगळ्या वस्तुमानाचं मूळ सापडलं' असं जे सांगितलं गेलं, ते मला आजही खटकतं. हिग्जमुळे येतं ते क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांचं स्वतःचं वस्तुमान. साठ किलोच्या माणसात तो हिशोब सहाशे ग्रॅमच्या आसपास जातो. बाकी सगळं वजन बांधणीचं आहे. आणि हे नुसतं बोलणं नाही. अवकाश आणि काळाची बारीक जाळी कल्पून तिच्यावर क्वार्क-ग्लुऑनचं गणित महासंगणकांकडून सोडवून घेतात. २००८ मध्ये युरोपातल्या एका गटानं अशा रीतीनं प्रोटॉनचं आणि त्याच्या भाऊबंदांचं वजन काढलं आणि ते काही टक्क्यांच्या आत प्रयोगाशी जुळलं.

मग तो एक टक्का बिनमहत्त्वाचा का? अजिबात नाही. डाउन हा अपपेक्षा थोडा जड आहे, म्हणून न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा १.३ एमईव्हीनं जड आहे. म्हणून सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधराएक मिनिटांत मोडतो: त्याच्यातला एक डाउन अप होतो, आणि प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, प्रतिन्यूट्रिनो निघतात. हे उलटं असतं, प्रोटॉन जड असता, तर प्रोटॉनच मोडला असता. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. हायड्रोजन नाही तर पाणी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. त्या वाघिणींमधला थेंब न् थेंब या १.३ च्या फरकावर उभा होता.

डाउनचं अप होणं पाहायला प्रयोगशाळाही लागत नाही. शेतात टाकायला आणलेलं पोटॅशचं ५० किलोचं पोतं घ्या. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादा पोटॅशियम-४० असतो, आणि तो हळूहळू कॅल्शियम होत असतो, म्हणजेच त्याच्या एका न्यूट्रॉनमधला एक डाउन क्वार्क अप होत असतो. पोत्याचा हिशोब केला तर सेकंदाला साधारण सात लाख. भिण्यासारखं यात काही नाही. केळ्यात, मातीत, आपल्या रक्तातही पोटॅशियम आहे आणि हेच तिथेही चालू आहे.

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न आता आपल्या मराठवाड्याच्या दारात येऊन बसलाय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे; केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत गुरुत्वीय लहरींमुळे, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालीनं अवकाशातच उठणाऱ्या तरंगांमुळे, पडणारा फरक मोजायचा. क्वार्कचा त्याच्याशी संबंध काय? न्यूट्रॉन तारा. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात, म्हणजे लातूरहून औशापर्यंतच्या अंतरात, कोंबलेलं. त्याच्या गाभ्यात न्यूट्रॉन एकमेकांत इतके दाबले जातात की कोणता क्वार्क कोणत्या न्यूट्रॉनचा ही सीमाच पुसली जाते का, पोती फाटून सगळं धान्य एका ढिगात मिसळतं का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा दोन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या. एकमेकांभोवती फिरत जवळ येताना ते एकमेकांच्या ओढीनं किती चेपतात, हे लहरींच्या शेवटच्या क्षणांत उमटतं. आत न्यूट्रॉन शाबूत असतील तर तारा जितका कडक असेल, तितका तो क्वार्कचा ढीग झाल्यावर राहणार नाही असा अंदाज आहे.

हे वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, औंढा तर आमच्या मामाचं गाव." आणि वहीच्या मागच्या पानावर तिनं दोन भुजांची आकृती काढून त्यांच्या टोकाला ४ किमी असं लिहून घेतलं.